बारा पावलांवरचा उजेड

नत्थूजी बावनकरांच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न यायचा, "किती पावलं?" नाव नाही, गाव नाही, पाणी घेता का नाही. बंदुकीला बत्ती बसवायला आलेला माणूस गोंधळायचा आणि मागं वळून दुकानाच्या पायऱ्या मोजायला लागायचा. मग नत्थूजी चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "पायऱ्या नाही रे बाबा. तू जिथं बसतं तिथून, जनावर जिथं येते तिथवर. किती पावलं?"

बालाघाटात कचेरीच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचे. एकनाली, दोनाली, कुणाच्या आजोबांच्या वेळची, तोंडातून दारू ठासायची गंजलेली भरमार. त्यांच्या ओट्याला लागून माझं टेबल. मी अर्ज टाइप करतो. परवान्याचं नूतनीकरण, जमिनीचं सीमांकन, नावातली दुरुस्ती, जे येईल ते. आधी मशीनवर खटखट करायचो, आता संगणक आहे. अर्ज हिंदीत आणि भांडणं मराठीत, असा आमच्या रस्त्याचा कारभार. नत्थूजी मला मुन्शी म्हणायचे. मी त्यांना नत्थूभाऊ म्हणायचो, वयानं ते मला काका शोभले असते तरी.

उंच, हाडकुळा माणूस. कानस चालवून चालवून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. अंगाला सतत तेलाचा वास. बंदुकीच्या एवढ्या सहवासात राहून त्यांनी आयुष्यात कशावर गोळी झाडली नव्हती. दुरुस्त केलेली बंदूक तपासायची वेळ आली की गावाबाहेरच्या मुरमाच्या खाणीत मालकालाच झाडायला लावायचे आणि स्वतः दोन्ही कानांत बोटं घालून उलटीकडे तोंड करून उभे राहायचे. मी चिडवायचो, "नत्थूभाऊ, हे म्हणजे हलवायानं जिलबीकडे पाठ फिरवण्यासारखं झालं." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "हलवायाले साखरेचा रोग असन त थो काय करन?"

पण बत्तीचं काम निघालं की हाच माणूस वेगळा दिसायचा. आमच्या भागात जंगलाला लागून शेतं आहेत. धान कापणीला आलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत अर्धी बांधी लोळवून टाकतात. ज्यांच्याकडे बंदूक आणि डुकराचा परवाना असे, ते नळीखाली टॉर्च बांधून घ्यायला नत्थूजींकडे येत. तयार पट्ट्या बाजारात मिळतात, पण त्यांना त्या पसंत नव्हत्या. दोन धक्क्यांत ढिल्या होतात म्हणायचे. स्वतः लोखंडाची पट्टी वाकवायचे, आतून सायकलच्या ट्यूबचा रबर लावायचे आणि टॉर्च असा बसवायचे की नळी जिकडे, उजेड तिकडे.

टॉर्चना त्यांनी नावं ठेवली होती. रुंद झोताचा, जवळचं सगळं दाखवणारा तो सूप. बारीक झोताचा, लांबवर जाणारा तो सुई. मधल्या मापाच्या एकाला ते नुसतं 'मधली' म्हणायचे, त्यावर त्यांचा फारसा जीव नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाला सुईच हवी असायची. नत्थूजी वैतागायचे. "लंबा झोत पाह्यला का मानूस भुलते, मुन्शी. त्याले वाटते आपला हातच लंबा झाला. अरे, सुईच्या उजेडात डुकराचा डोळा दिसते, पर डुकराच्या बाजूले कोन हाये थे कुठं दिसते?"

दुकानामागं बंद पडलेल्या राइस मिलचं लांबलचक गोदाम होतं. भर दुपारी आत शिरलं तरी हात दिसत नसे. तिथं जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या, दहा पावलं, पंचवीस, पन्नास, साठ. गिऱ्हाइकाला ते तिथं उभं करायचे आणि दूरच्या टोकाला काहीतरी ठेवून यायचे. कधी भुश्याचं पोतं, कधी काळी घोंगडी, कधी उलटं घमेलं. बत्ती लावायची आणि ते काय आहे ते सांगायचं. चुकलं की सुई नाही. "दिसलं मनून नको सांगू. वळखलं का, थे सांग," असं ते अंधारातून ओरडायचे. एकदा त्यांनी शेजारच्या चहावाल्याची काळी शेळी नेऊन बांधली. गिऱ्हाईक मोठ्या दिमाखात म्हणालं, "डुक्कर!" तेवढ्यात ती ओरडली. नत्थूजी त्याला खांद्याला धरून बाहेर घेऊन आले आणि चहावाल्यासमोर उभं करून म्हणाले, "याची माफी माग. यानं आत्ता तुही बकरी मारली." त्या माणसानं खरंच हात जोडले.

मलाजखंडहून एक ठेकेदार साहेब आले होते. घरात पिस्तूल होतं, त्याला सगळ्यात जबरदस्त बत्ती पाहिजे होती. नत्थूजींनी विचारलं, "किती पावलं?" साहेब म्हणाले, "अरे भाई, मेरा घर तो मलाजखंड में है." नत्थूजी म्हणाले, "घर नाही साहेब. पलंगापासून दरवाजा किती पावलं?" साहेबांनी विचार करून सांगितलं, सहा-सात. नत्थूजी त्यांना गोदामाच्या कोपऱ्यातल्या खोलीत घेऊन गेले. खोली ताज्या चुन्यानं पांढरी केलेली. दार लावलं, काळोखात मिनिटभर उभं केलं आणि समोरच्या भिंतीवर सुई मारली. साहेब "अरे अरे" करत मागं सरले आणि तिथल्या पोती तोलायच्या तराजूवर बसले. "आता सांगा, चोर कुठं हाये?" "मुझे तो कुछ दिख नहीं रहा!" "त्याले तुमी बराबर दिसून राह्यले." साहेब मुकाट्यानं मधली घेऊन गेले. नंतर दिवाळीला मिठाईचा डबाही आला होता, तो आम्ही दोघांनी संपवला.

असा हा हसरा माणूस. पुढं जे झालं, त्यानंतर मी त्यांना असं हसताना फार क्वचित पाहिलं.

उकव्याच्या वाटेवर जंगलाला खेटून दोन भावांची शेतं होती. थोरला दुलीराम, धाकटा भागवत. दोघांची विहीर एक, चूल एक, मधे एक धुरा, म्हणजे बांध. बंदूक दुलीरामच्या नावावर होती. कार्तिकात उशिरा पिकणारं भारी धान उभं असताना तो बत्ती बसवायला आला. मचाणापासून डुकरं उतरतात त्या नाल्यापर्यंत साठ पावलं, असं त्यानं सांगितलं. गोदामात साठाच्या रेघेवरून त्यानं घोंगडी ओळखली, पोतं ओळखलं, पोत्यावर टाकलेली घोंगडीसुद्धा ओळखली. नत्थूजी खूष झाले. दोन दिवस खपून त्यांनी सुई बसवून दिली आणि मला म्हणाले, "बहुत दिवसांनी अशा नजरेचा मानूस आला."

याआधी दुलीराम हातात वेगळा टॉर्च धरायचा. आता बंदुकीलाच एवढी झकास बत्ती आली, म्हणून त्यानं जुना टॉर्च घरी भागवतच्या पोरींना अभ्यासाला देऊन टाकला.

तीन आठवड्यांनी, दिवेलागणीनंतर, तो मचाणाकडे निघाला होता. धुकं उतरलं होतं. धुऱ्यावर पुढं काहीतरी खसफसलं. काय आहे ते पाहायचं होतं, आणि पाहायचं तर बत्ती बंदुकीला. त्यानं बंदूक उचलली, बटण दाबलं. समोर भागवत होता. डोक्यावरून घोंगडी घेतलेला, डोळ्यांवर उजेड आला म्हणून हात वर केलेला. गोळी सुटली. नंतर पंचनाम्यात अंतर मोजलं, ते बारा पावलं भरलं.

बातमी आली तेव्हा नत्थूजी एका पट्टीला भोक पाडत होते. त्यांनी हत्यार खाली ठेवलं. "साठ मनला होता थो," असं दोनदा म्हणाले. बऱ्याच वेळानं माझ्या टेबलाशी येऊन बसले. "मी त्याले साठ इचारले, मुन्शी. बारा नाही इचारले. अन् पाहाले बी बंदूकच उचलाव लागली त्याले. पाहनं अन् मारनं मी एकाच नळीले बांधून देलं." मी चहा मागवला, तो तसाच थंड झाला.

दुलीराम म्हणत होता, मी ओळखलं नाही, डुक्कर वाटलं, घाबरलो. बारा पावलांवर त्या उजेडात माणूस ओळखू येतो की नाही, यावर आता सगळं अडलं होतं. येत असेल तर दुलीरामनं भावाला जाणूनबुजून मारलं. येत नसेल तर चुकीनं. आणि बत्ती बसवणारा म्हणून ते सांगायला नत्थूजींना कोर्टात बोलावणं आलं.

तारखेच्या आठ दिवस आधी भागवतची बायको दुकानात आली. दोन पोरी बरोबर होत्या, धाकटीच्या हातात तो घरी दिलेला जुना टॉर्च होता. बाई ओट्यावर बसली. पाणी दिलं ते प्याली. मग म्हणाली, "भाऊ, तुमी कोर्टात काय सांगान?"

नत्थूजी म्हणाले, "जे असन थे सांगीन, बाई."

"काय असन?"

"थे पाहाव लागन."

तिनं पोरींना जवळ ओढलं. "माहा मानूस त गेला. थोरले जेठ अंदर गेले त शेत कोन पाहीन? मी तुमाले हे सांगा, थे सांगा, मनून नाही राह्यली. काय झालं थे मले नाही मालूम. मले मालूम करून घ्याचं बी नाही." एवढं बोलून ती उठली आणि बैहरच्या बसला निघून गेली. नत्थूजी किती तरी वेळ तिच्या रिकाम्या ग्लासाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला गोदामात नेलं. तसाच टॉर्च, त्याच कंपनीचा, नवा. मला घोंगडी पांघरायला दिली आणि बारा पावलं मोजून उभं केलं. "आधी हात खाली ठेव. मी मनीन तवा वर कर." बत्ती लागली. माझ्या डोळ्यांपुढं पांढऱ्या उजेडाशिवाय काही उरलं नाही. "आता कर." मी हात वर केला. बत्ती विझली. अंधारात आम्ही दोघं उभे होतो आणि ते काहीच बोलत नव्हते. शेवटी म्हणाले, "चाल, चाय पिऊ."

कोर्टात मी मागच्या बाकावर होतो. नत्थूजींनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी सांगितलं, "साहेब, सुई लांबच्यासाठी अस्ते. बारा पावलांवर मारली का समोरच्याचं तोंड पांढरं फटक होते, वळखू येत नाही. उजेड माहा होता. इचाराले पाह्यजे होतं, म्या इचारलं नाही. चूक माही हाये." दुलीराम पिंजऱ्यात खाली मान घालून उभा होता. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

चुकीनं गोळी सुटली, असं ठरलं. त्याला थोड्या वर्षांची शिक्षा झाली, ती भोगून तो आला. आल्यावर त्यानं दोन्ही शेतं कसली, भागवतच्या दोन्ही पोरी शिकवल्या. हे सगळं खरं आहे आणि मी स्वतः पाहिलं आहे.

आता माझी चूक सांगतो. बयान देऊन नत्थूजी कोर्टाबाहेर आले तेव्हा मला वाटलं, यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. म्हणून इतके दिवस पोटात ठेवलेली गोष्ट मी बोलून गेलो. भागवत मरायच्या महिनाभर आधी माझ्या टेबलाशी आला होता. धुऱ्याच्या सीमांकनाचा अर्ज त्यानं माझ्याकडून टाइप करून घेतला होता. थोरल्या भावानं धुरा सरकवला, अशी तक्रार होती. आमच्या धंद्यात टेबलावर लिहिलेलं टेबलावर राहतं, आणि खरं सांगायचं तर मी घाबरलोही होतो. म्हणून गप्प बसलो होतो.

नत्थूजी रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. "हे आता सांगतं तू? आज? बयान झाल्यावर?" मी त्यांना कडेला ओढलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे, हसायचेही कधीमधी, पण ते रस्त्याच्या मधोमध थांबलेले नत्थूजी माझ्या डोळ्यांपुढून गेले नाहीत.

त्यांनी बत्तीचं काम बंद केलं नाही. पण नवा नेम काढला. बंदुकीला बत्ती बसवली की बरोबर एक छोटा हातातला टॉर्च पदरचा द्यायचे. "पाहाले हे. माराले थे. आधी याच्यानं पाहाचं. दोन्ही नेत असशीन त ने, नाही त जाय." साठ पावलं सांगणाऱ्याला विचारायचे, "अन् घरून मचानापर्यंत जाताना? धुऱ्यावर? नाल्यात? सगळ्यात जवळ तुया समोर कोन येते?" नवी पोरं कंटाळायची. मोबाइलवरून बत्ती मागवायची आणि स्वतःच बांधायची. गिऱ्हाईक कमी होत गेलं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

दुसरी एक खोड जडली. मी चहा घेऊन समोरून यायला लागलो की एका ठरावीक अंतरावर ते पंजा दाखवून मला थांबवायचे, डोळे बारीक करून चेहरा पाहायचे आणि म्हणायचे, "हौ, मुन्शीच हाये. ये." आधी मी हसायचो. मग एकदा सहज पावलं मोजली. त्यानंतर मला हसू आलं नाही.

आणि थंडी पडली की ते वैनगंगेवर जायला लागले. पहाटे नदीवर धुकं इतकं दाट असतं की काठावरची नावसुद्धा दिसत नाही. तिथं घोंगडी आणि तो टॉर्च घेऊन उभे राहायचे. जाळी सोडवणाऱ्या ढिवरांना, फिरायला आलेल्या रिटायर लोकांना म्हणायचे, "दादा, मिनिटभर तिथं उभे राहता का?" लोकांनी माझ्याकडे तक्रारी आणल्या, बावनकर सटकले म्हणून. मी विचारलं तर एवढंच म्हणाले, "गोदामात धुकं नव्हतं, मुन्शी. त्या दिवशी शेतात होतं." मला वाटलं, आपली चूक किती मोठी होती हे मोजायचा हा त्यांचा छळवाद आहे. मी इतकं कच्चं गणित कसं केलं, कोण जाणे.

गेल्या माघात, म्हणजे ते गेले त्याच्या दोन महिने आधी, त्यांनी मला बरोबर चल म्हटलं. चालताना त्यांना धाप लागत होती. घाटावर पोचलो तेव्हा उजाडायचं होतं. अंधार आणि वर धुकं, पायरीखालची पायरी दिसेना. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि घोंगडी स्वतः घेतली.

"आज तू पाह्य. माहे डोये आता खरे सांगत नाही."

मोठ्यानं मोजत ते धुक्यात गेले. एक, दोन, तीन. बाराला आवाज थांबला. "मार."

मी बटण दाबलं. धुक्यात दुधासारखा पांढरा झोत उभा राहिला. आणि त्याच्या टोकाला नत्थूजी होते. घोंगडीच्या कडेत त्यांचा चेहरा होता. चष्म्याचे नाकावर पडलेले वळ, दोन दिवसांची पांढरी दाढी, डाव्या डोळ्याखालचा तीळ. डोळ्यांत पाणी होतं, तेही दिसलं. मग त्यांनी हात वर केला. पण त्याच्या आधी मी त्यांना शंभर माणसांत ओळखलं असतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दुपारी गोदामात, धुकं नसताना, मी त्यांना याहूनही स्वच्छ दिसलो होतो. दिसलो होतो आणि ते अंधारात गप्प उभे राहिले होते. तरी त्यांनी कोर्टात जाऊन सांगितलं होतं, ओळखू येत नाही, चूक माझी. तेव्हा त्यांना वाटत असणार, दुलीराम घाबरला, हात कापला, भाऊ भावाला कशाला मारेल. आणि त्याच दिवशी मी त्यांना तो अर्ज सांगितला. तेव्हापासून दर थंडीत हा माणूस इथं येऊन, आपलं बयान खरं ठरवणारं धुकं शोधत होता.

"दिसतो का?" पलीकडून आवाज आला.

मला त्या दोन पोरी आठवल्या. मोठीचं गेल्या वर्षी लग्न झालं, दुलीरामनं दारात उभं राहून सगळ्यांना पत्रावळी वाढल्या होत्या. मी जेवलो होतो त्या मांडवात.

"दिसतो का, मुन्शी?"

"नाही, नत्थूभाऊ. काहीच नाही दिसत. पांढरं फटक."

"तोंड?"

"नाही."

"खरं सांगून राह्यला?"

"हौ."

ते हात तसाच वर धरून थोडा वेळ उभे राहिले. मग तो खाली आणला आणि सावकाश चालत माझ्यापाशी आले. माझ्या हातातून टॉर्च घेऊन विझवला. माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो बर्फासारखा गार होता.

"तू बी बयान देलं," ते म्हणाले.

घोंगडी सावरत ते पायऱ्या चढून पुढं निघाले. पूर्वेला आता चांगलं फटफटलं होतं. मी तिथंच उभा राहून त्यांची पावलं मोजत होतो. बारा झाली, तेरा झाली. ते मला अजून साफ दिसत होते.